निळ्या तळ्यातलं हरवलेलं बेट

"अक्का, यात आपला दिब्बा कुठंय?" गिरीराजने संगणकाच्या पडद्यावर बोट टेकवत विचारलं.

शलाकाने माउस थांबवला. १९९९ सालची मे महिन्याची सुट्टी चालू होती. बाबांच्या संशोधन संस्थेने शहरातल्या तळ्यांचा नकाशा इंटरनेटवर चढवला होता. घरच्या फोनलाइनवरून तो नीट उघडतो का, हे पाहायचं काम बाबांनी तिच्यावर सोपवलं होतं. शेजारची रम्या आणि तिचा धाकटा भाऊ गिरीराज रोज मदतीला हजर असत. शलाका पुण्याहून आलेली, पण या भावंडांचं घराणं मराठी असूनही कित्येक पिढ्या बंगळूरचंच. टेकाडाला, आणि तळ्यातल्या बेटालाही, ते दिब्बाच म्हणत.

बनशंकरीतल्या त्यांच्या घरांमागचं तळं पडद्यावर निळंशार दिसत होतं. मधलं बेट, त्यावरची करंजाची जुनी झाडं, टिटव्यांची खडकाळ जागा, कशाचाच पत्ता नव्हता.

"चित्रात राहून गेलं असेल," शलाका म्हणाली.

"नुसतं चित्रात राहिलं असतं तर बरं होतं," रम्या म्हणाली. "सकाळी तळ्यात गाळ काढायचं मशीन आलंय. तिथल्या माणसाच्या हातात हेच चित्र होतं."

तिघंही तडक निघाली.

तळं आटून त्याच्या तळाला भेगा पडल्या होत्या. ओळीने लाल झेंड्या रोवल्या होत्या आणि पलीकडच्या काठाशी पिवळं मशीन घरघरत होतं. छत्रीखाली मुकादम हयवदन रंगीत नकाशा घेऊन उभा होता. रम्याने कन्नडमध्ये विचारल्यावर तो शांतपणे म्हणाला, "निळं आहे ते सगळं एका पातळीत उकरायचं. पावसाच्या आत."

"पण अण्णा, हा गाळ नाही. बेट आहे. झाडं दिसतात की तुम्हाला."

"दिसतात. पण मी डोळ्यांनी बघून काम केलं तर मला घरी बसवतील. काम कागदाप्रमाणे करायचं. उद्या दुपारी मशीन बेटापाशी पोचेल."

"आणि कागद बदलला तर?" शलाकाने मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये विचारलं.

हयवदन हसला. "तर काम बदलेल. रोज सकाळी कंप्युटरातला ताजा नकाशा छापून येतो. जा, बदलून आणा."

तो थट्टा करत होता. शलाकाने मात्र ती गोष्ट मनावर घेतली.

घरी येऊन तिने बाबांना ऑफिसात फोन लावला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमच्या संस्थेतल्या श्रीरंगने काढलंय ते. बाहेरची कड काढली आणि आत काय आहे ते पाहिलंच नसणार. तो लग्नाला म्हैसूरला गेलाय, उद्या येईल. पण नकाशात बदल सुचवायची सोय आहे. तू आकृती काढ, मी संध्याकाळी तपासतो. एक मात्र सांगतो शलाका, अंदाजाने काढलेलं मी मंजूर करणार नाही. कड खरी हवी."

"खरी कड कशी मिळणार?" गिरीराजने विचारलं.

शलाकाने नकाशा पुन्हा निरखला. त्यावर फिक्या रेषांचे चौकोन होते. "त्या झेंड्या! प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यावर एकेक रोवलीय. त्यांच्यापासूनच मोजू या."

उन्हं डोक्यावर आली तरी तिघं हटली नाहीत. गिरीराज बेटाच्या कडेने चालला. शलाका जवळच्या झेंडीपासून पावलं मोजायची आणि रम्या आलेखाच्या कागदावर ठिपके द्यायची. डोक्यावर टिटव्या ओरडत घिरट्या घालत होत्या, तेव्हा अंड्यांवर पाय पडू नये म्हणून गिरीराजला दगड न् दगड पाहून पाऊल टाकावं लागत होतं. दक्षिणेला तर तो गुडघाभर चिखलात रुतला. ठिपके जोडल्यावर काजूसारखं बेट उमटलं, दक्षिणेला एक जीभ बाहेर काढलेलं.

आता ते संगणकात काढायचं होतं. शलाकाने ठिपक्याला ठिपका जोडत निळ्यावर तपकिरी आकृती काढली. दिसायला झकास! पण रम्याने तिच्यावर टिचकी मारली, तर पडद्यावर दोन नावं आली: 'बेट' आणि 'तळं'.

"खाली निळं आहेच की," रम्या म्हणाली. "नुसती चादर घातली आपण."

मग शलाकाने काठापासून बेटापर्यंत रेष नेली, बेटाला वळसा घालून परत आणली. रेषेवर रेष पडली आणि लाल अक्षरं झळकली: आकृती स्वतःलाच छेदते. ती पुसून पुन्हा काढत होती, तोच आईने आतला फोन उचलला. लाइन तुटली आणि होतं नव्हतं ते सगळं गेलं.

गिरीराजला रडू येणार असं दिसत होतं. शलाकाने माउस पुन्हा हातात घेतला आणि ती म्हणाली, "पुन्हा लाव."

एवढ्यात रम्याच्या आईने पाठवलेले उडदाचे वडे आले. रम्याने एक उचलला, पण खाल्ला नाही. "स्वल्प थांब. शलाका, वड्याला कडा किती?"

"एक... नाही, दोन. बाहेरची आणि भोकाची."

"भोकाची कडसुद्धा वड्याचीच ना? मग बेटाची कड तळ्याचीच धरायची. वरून चादर नकोच."

शलाकाने घाईने यादीतली बटणं पाहिली. 'आतली कड' असं एक बटण होतं, पण फिकं, न चालणारं. तिने आधी तळ्याच्या आकृतीवर टिचकी मारली, आणि बटण ठळक झालं. एकेक ठिपका देत तिने काजू पुरा केला. मधला निळा रंग नाहीसा झाला. त्या मोकळ्या जागेत तिने बेट बसवलं.

संध्याकाळी बाबा बूटही न काढता संगणकापुढे बसले. त्यांनी आलेखाचा कागद शेजारी धरून प्रत्येक वळण ताडून पाहिलं. "ही दक्षिणेची जीभ खरंच आहे?"

"आहे काका," गिरीराजने मळलेले पाय दाखवले. "मी तिथंच रुतलो होतो."

बाबांनी हसून मंजुरी दिली.

सकाळी तिघं तळ्यावर पोचली, तेव्हा मशीनचं तोंड बेटाकडेच होतं. हयवदनने नुकताच आलेला कागद उलगडला. त्याने कागदाकडे पाहिलं, झाडांकडे पाहिलं, मग मुलांकडे.

"हे तुम्ही केलं?"

"काम कागदाप्रमाणे करायचं, अण्णा," रम्या गंभीरपणे म्हणाली.

हयवदनने हात उंचावला. मशीन थांबलं, जागच्या जागी वळलं आणि दूरच्या काठाकडे निघालं. "सरी, ठीक आहे," तो म्हणाला. "माझ्या पोरांनाही हे सांगणार आज."

थोड्या वेळाने बाबांबरोबर श्रीरंगकाका आले. प्रवासातून थेट आलेले दिसत होते. ते आलेखाचा कागद घेऊन बेटाच्या कडेने पुरते फिरून आले.

"आकाशातून घेतलेल्या फोटोवरून कड काढायला मला चहा संपेपर्यंतचा वेळ लागला होता," ते म्हणाले. "या तळ्यावर मी कधी आलोच नव्हतो. तुम्ही आलात, म्हणून हे बेट राहिलं. शाबास!" मग त्यांनी कागदावर एका जागी बोट ठेवलं. "उत्तरेला या खडकापाशी मात्र तुमची रेष थोडी आत गेलीय. माझ्या चुकीपुढे काहीच नाही. आधी जेवून घ्या, मग बदलू."

शलाका आणि रम्याने एकमेकींकडे पाहिलं. गिरीराज आधीच खडकाकडे पळत सुटला होता. रम्याने पेन्सिल काढली आणि शलाका जवळच्या झेंडीपासून पावलं मोजू लागली.