पाच बोटांचा वाघ

दसरा होऊन चार दिवस झाले होते. सकाळी दिव्यानीनं मुलं मोजली, तर सतराच्या जागी अठरा भरली.

तिच्या बालवाडीत एखादं मूल कमी भरणं नवीन नव्हतं. कोणी झुडपाआड बसलेलं असे, कोणी बकरीमागं गेलेलं असे. पण जास्त? तिनं पुन्हा मोजली. अठरावं मूल बेहड्याच्या झाडामागं रांगत होतं. त्याची पाठ तेवढी दिसत होती, आणि ती खाकी होती.

"ए, ऊठ! मातीत काऊन लोळून राह्यला? हात धू अन् गोलात बस."

मूल उठलं. पावणेसहा फुटांचं निघालं. गुडघ्यांना माती, केसांत कोळ्याचं जाळं, आणि जाळ्यात दवाचे दोन थेंब अगदी व्यवस्थित बसलेले…

"धुतो जी," ते म्हणालं. "पण गोलात जागा कुठी हाये? ह्या दोन वेण्यावालीच्या बाजूनं बसू काय?"

दोन वेण्यावाली म्हणजे खुशबू. वय पाच, आणि वर्गातलं सगळं राजकारण तिच्या हातात. तिनं लगेच सरकून जागा करून दिली.

असा तो नवा नाकेदार, म्हणजे वनरक्षक, दिव्यानीला भेटला. नाव प्रणित, गाव नागभीडकडचं, वनखात्यात लागून जेमतेम वर्ष झालेलं. तलावापलीकडच्या जंगलात एक वाघीण फिरत होती, म्हणून तो शाळेभोवतीची माती वाचत होता.

शाळेला भिंती नव्हत्या. भिंती नव्हत्या म्हणून खिडक्या नव्हत्या, आणि खिडक्या नव्हत्या म्हणून 'बाहेर बघू नको' असं कोणाला सांगावं लागत नसे. छप्पर बेहड्याचं, फळा धुळीचा, पाट्या सागाच्या पानांच्या. पोंभुर्णा तालुक्यातल्या त्या छोट्या गावात ही शाळा उभी करायला… म्हणजे उभी न करायला दिव्यानीनं तीन ग्रामसभा भांडून काढल्या होत्या. 'लेकरं झाडाखाली शिकली तर झाडावर चढतील' असा मुख्य आक्षेप होता. तो खरा ठरला, पण तोवर लोकांना शाळा आवडायला लागली होती.

प्रणितनं त्या दिवशी मुलांना वाघाचा पाय शिकवला. धुळीत मूठ दाबली, वर बोटांची टोकं टेकवली. मग दिव्यानीला म्हणाला, "ठसा दिसला तं मले फोन करा. शाळा सुटेपर्यंत मी इथीच बसन. नियम हाये."

त्यानं सांगितलं एकीला, ऐकलं सतरा जोडी कानांनी.

दुसऱ्याच दिवशी पाण्याच्या मडक्याजवळ ठसा उमटला.

दिव्यानी वाकून बघत राहिली. ती ढिवराची पोर. तिचा बाप इस्तारी तलावावर जाळं टाकायचा, आणि काठच्या चिखलात कोण पाणी पिऊन गेलं हे ती अक्षरं शिकायच्या आधी वाचायला शिकली होती. वाघाच्या ठशाला चार बोटं दिसतात. ह्या वाघाला पाच होती. शिवाय सगळे ठसे उजव्या पुढच्या पायाचे होते. म्हणजे वाघ मडक्यापासून झाडापर्यंत लंगडी घालत गेला होता. आणि त्याची मूठ साधारण खुशबूच्या मुठीएवढी होती.

फोन करायचं काहीच कारण नव्हतं. तिनं केला.

प्रणित धापा टाकत आला. उकिडवा बसला, टेप काढली, गंभीर चेहऱ्यानं मोजमाप घेतलं.

"नर हाये," तो म्हणाला. "तरुण दिसते."

"काय म्हणता!"

"हो जी. पण स्वभावानं लाजरा असन. बघा नं, दुसरा पाय पुढं टाकतच नाई."

दिव्यानीनं ओठ दाबले. तिला हसूही आलं आणि मनातून वाईटही वाटलं. इतका चांगला पोरगा, आणि वाघ ओळखता येत नाही! सांगावं, तर बिचारा ओशाळेल. आणि ओशाळला, तर उद्या यायचा नाही. यातलं नेमकं कोणतं कारण जड होतं, ते तिनं काही तोलून पाहिलं नाही.

मग वाघ रोज येऊ लागला. शरदातल्या त्या सकाळी काय विचारता! धानाच्या लोंब्या पिवळ्या होऊन वाकलेल्या, गवतावर दव, तलावावर धुक्याची पातळ साय, आणि ऊन असं की अंगावर घ्यावं आणि घडी करून ठेवावं. मुलं बिया वेचत, पानं लहानमोठी लावत. प्रणित पक्ष्यांच्या शिट्ट्या वाजवी, दिव्यानी गाणी म्हणे. तो आलेला असला की तिला जुनी, विसरलेली गाणीसुद्धा आठवत.

"तुमी गाता तवा तो खंड्याबी मासा सोडून ऐकत राह्यते," तो एकदा म्हणाला.

"अन् तुमी शिट्टी वाजवली की उडून जाते."

"त्याले समजत नाई."

"त्याले समजते नाकेदार… म्हणूनच तं उडते."

तो हसला की त्याचे कान आधी लाल होत. तिच्या हे लक्षात आलं होतं. ते कान लाल करायला आज काय बोलावं, याचा ती शाळेत येताना विचार करू लागली होती. खिचडी शिजवणाऱ्या कुंताबाईनं तिला एके दिवशी बाजूला घेतलं.

"बाई, मी मीठ एकदाच टाकलं होतं. खिचडीत दोनदा पडलं."

"माझ्या हातून पडलं असन, कुंताबाई."

"थे मले समजलं," कुंताबाई म्हणाली. "काऊन पडलं, थेबी समजलं."

बाराव्या दिवशी जीप आली. जीपमधून रेंजर गुणवंतराव साहेब उतरले. हातात फाइल होती. साहेबांनी जमिनीकडे पाहिलं नाही. ज्यांच्याकडे फाइल असते त्यांना जमिनीकडे पाहायची गरज पडत नाही.

"अकरा दिवस लागोपाठ ठसे, अन् तेही लहान मुलांच्या शाळेत!" ते म्हणाले. "बाई, उद्यापासून शाळा समाजमंदिराच्या खोलीत. ह्या जागेवर बंदी. मी पत्र काढून राह्यलो."

समाजमंदिराची ती खोली दिव्यानीला माहीत होती. टिनाचं छप्पर, एक खिडकी, आणि ती खिडकीही खिळे ठोकून बंद केलेली. 'हा वाघ खोटा आहे' एवढं म्हटलं की शाळा वाचत होती. पण मग साहेब विचारणार, तुला कळलं ते माझ्या नाकेदाराला कळलं नाही? सगळ्यांसमोर. मुलांसमोर. नोकरीचं पहिलं वर्ष… तिनं प्रणितकडे पाहिलं. तो बुटाच्या टोकाकडे पाहत होता.

तिनं मुलांकडे पाहिलं. श्वास घेऊन ती म्हणाली, "साहेब, ऐका जी…"

"साहेब, वाघ नाई हाये," प्रणित मध्येच म्हणाला.

"काय?"

"लेकराच्या हाताचे ठसे हायेत. पाच बोटं हायेत, साहेब."

गुणवंतरावांनी आता पहिल्यांदा खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तुले हे कधी समजलं?"

"पहिल्याच दिवशी."

दिव्यानीच्या हातातली पानं खाली पडली.

"मग अकरा दिवस 'प्राणी : तपास सुरू' असं काऊन लिहिलंस?"

प्रणितचे कान लालबुंद झाले. "वाघ लिहिलं असतं तं खोटं झालं असतं. अन् नाई लिहिलं असतं, तं… मले इथी येण्याले कारण नसतं राह्यलं."

"अरे, पण तपास कोणाचा सुरू होता?"

"बाईचा!" खुशबू म्हणाली आणि मातीनं भरलेला हात अभिमानानं वर केला. "वाघ मी केला. नाकेदार आला तं बाई गाणं म्हणते. नाई आला तं नुसती पानं मोजाले लावते."

कुंताबाईनं पदर तोंडाला लावला.

"मलेबी पहिल्याच दिवशी समजलं होतं, साहेब," दिव्यानी हळूच म्हणाली. गुन्हा तिचाही होता, तो एकट्या प्रणितवर कसा टाकायचा?

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पुष्कळ शिकार पकडली होती. पण दोन्ही बाजूंनी लावलेला एकच सापळा, आणि दोघंही आपणहून आत, हे नवीन होतं.

"पत्र रद्द. शाळा इथीच राहीन," ते म्हणाले. "पलीकडची वाघीण मात्र खरी हाये. म्हणून रोज सकाळी शाळा भराच्या आधी पाहणी झाली पाहिजे. अन् प्रणित, तो दुसरा तपास लवकर संपव. सरकारी कामाले इतका उशीर लागत नाई." मग जरा विचार करून म्हणाले, "म्हंजे लागते. पण तू लावू नको."

जीपची धूळ खाली बसली.

"तुमाले समजलं होतं तं सांगितलं काऊन नाई?" प्रणितनं विचारलं.

"नाकेदाराले वाघ ओळखता येत नाई, असं तोंडावर कसं सांगू?"

"म्हंजे अकरा दिवस मी तुमाले येडा वाटत होतो?"

"पुरा."

"अन् तरीबी रोज फोन करत होत्या…?"

"अन् तरीबी," ती म्हणाली, आणि खाली पडलेली पानं वेचायला वाकली, कारण आता कान लाल व्हायची पाळी तिची होती.

तोही वाकला. पानाआडून अगदी हळू काहीतरी बोलला.

"मोठ्यानं बोल," खुशबू म्हणाली. "मांगं आयकू येत नाई."

आता शाळेत शाळेचा नियम पाळायलाच हवा. तो उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "दिव्यानी, माझ्याशी लग्न करशील काय?"

शेजारच्या बांधीत लवकर पिकलेला हलका धान कापणाऱ्या बायांचे विळे थांबले. दिव्यानीनं आधी मुलांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. बांधीतून कोणीतरी ओरडलं, "काय म्हणली वो?" कुंताबाईनं उत्तर दिलं, "हो म्हणली!" आणि विळे पुन्हा सुरू झाले.

दुपारी दिव्यानी घरी पोचली तेव्हा इस्तारी ओसरीवर फाटलेलं जाळं शिवत बसला होता. बाया पायवाटेनं आल्या होत्या आणि ती सडकेनं, त्यामुळे बातमी तिच्या आधीच पोचली होती. ती दारातच थबकली. बापानं जाळ्यातून मान वर केली नाही.

"नाकेदार मासे खाते काय?"

"खाते, बाबा."

इस्तारीनं दातांनी दोरा तोडला, गाठ ओढून पाहिली.

"मग घेऊन ये त्याले," तो म्हणाला.