मोजणीबाईचा पास्ता

तिने दुकानातल्या पास्ता करायच्या मशीनचा दांडा जोरात फिरवला आणि काउंटरखालून कुणीतरी ओरडलं, "अहो, थांबा! मी आत चाललोय!"

ती दचकून मागे सरली. काउंटरच्या कडेवरून आधी विस्कटलेले केस वर आले, मग चष्मा, मग उरलेला माणूस... तोही अर्धाच. खाली पडलेला स्क्रू शोधायला तो वाकला, तेव्हा त्याच्या ॲप्रनचा लांब बंद वर मशीनवरच राहिला होता. तो आता दोन रुळांमध्ये पक्का अडकला होता.

"उलटा फिरवा," तो म्हणाला. "हळू... मला पीठ समजू नका."

तिला हसू आलं, पण तिने ते गिळलं. आज ती हसायला आलेली नव्हती. बंद सुटला तशी ती म्हणाली, "घरी पास्ता करायचाय. मशीन दाखवा. चांगलं."

"विजेवरचं की हाताने फिरवायचं?"

"हाताने. विजेवरचं घेतलं तर लोक म्हणतील, मशीननेच केलं."

"लोक म्हणजे?"

"दादा."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. त्याच्या घरात तिने कप कुठल्या फळीवर ठेवायचा हेसुद्धा तोच ठरवायचा. मागच्या महिन्यात तिने बॅग भरली आणि दोन खोल्या भाड्याने घेतल्या. "पाकीट उकळून खाशील आणि आजारी पडशील," दादा म्हणाला होता. येत्या रविवारी तो आईला आणि वहिनीला घेऊन जेवायला येणार होता. नीट चाललेलं दिसलं तर तो पुन्हा विषय काढणार नव्हता. नाहीतर सामान गाडीत घालायचं आणि मुकाट घरी यायचं, असं ठरलं होतं. तिनेच तावातावाने ठरवलं होतं, आणि वर सांगितलं होतं की पास्ता पाकिटातला नसेल, पिठापासून मी करीन.

चष्मेवाल्याने सगळं ऐकून घेतलं. मग एक जड, चकचकीत मशीन पुढे ठेवलं. "हे घ्या. रूळ चांगले आहेत. फक्त धुवायचं नाही, गंजतं. ब्रशने पीठ झटकायचं. आणि टेबलाची कड केवढी जाड आहे? हा खालचा स्क्रू कडेला आवळावा लागतो. मोजून आलात का?"

"मी जमीन मोजणीच्या कचेरीत आहे," ती म्हणाली. "दिवसभर मोजतेच. माझं टेबल मला माहितीये."

"बरं, मोजणीबाई." त्याने मशीन बांधून दिलं, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू राहिलंच.

दुसऱ्या दिवशी ती पास्ता कापायची फिरकी घ्यायला गेली. तिसऱ्या दिवशी ब्रश घ्यायला. चौथ्या दिवशी तिला काहीच घ्यायचं नव्हतं, तरी पास्ता वाळत घालायची लाकडी दांडी ती बराच वेळ न्याहाळत बसली.

"ही घेऊ नका," तो म्हणाला. "खुर्चीच्या पाठीवर स्वच्छ फडकं टाका, तेवढं पुरतं."

"असं केलंत तर दुकान कसं चालायचं?"

"दुकान काकांचं आहे. ते रागावतातच." मग चष्मा पुसत, तिच्याकडे न बघता... "पण खोटं सांगितलं तर तुम्ही परत याल का?"

चष्म्याशिवायचे त्याचे डोळे तिने पहिल्यांदाच बघितले. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तिला स्वतःचाच राग आला आणि ती एकदम बोलून गेली, "रविवारी जेवायला या. पण जेवायलाच. मदतीला नाही. मी मरत असले तरी हात लावायचा नाही. कबूल?"

"कबूल."

रविवारी सगळे वेळेवर आले. दादाने खिडक्या उघडून बघितल्या, नळ सोडून बघितले. चष्मेवाला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला. "दुकानातले आहेत, ओळखीचे," तिने सांगितलं. आईने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

मळलेला गोळा तयार होता. तिने मशीन टेबलाला लावलं, स्क्रू फिरवला... मग पुन्हा फिरवला. स्क्रूचा जबडा पूर्ण उघडूनही कड आत जाईना. साऱ्या गावाच्या जमिनी मोजणाऱ्या बाईने स्वतःचं टेबल मोजलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दादा मनापासून हसला. "अगं, म्हणूनच म्हणतो, एकटीचं काम नाही हे. अहो, दुकानवाले, बसवून द्या की जरा!"

चष्मेवाला खुर्चीतून अर्धा उठला. तिने नुसतं त्याच्याकडे बघितलं. तो परत बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून म्हणाला, "मी पाहुणा आहे. जेवायला आलोय."

त्या क्षणी तो तिला इतका आवडला, की तिला तिथेच हसावंसं आणि रडावंसंही वाटलं.

तिने मशीन उचलून जमिनीवर ठेवलं आणि लाटणं घेतलं. पहिली पोळी फाटली. खुर्ची कुरकुरली, पण कुणी उठलं नाही. दुसरी जाड झाली. तिसरी अशी पातळ आली की खालच्या टेबलाच्या रेघा दिसू लागल्या. दंड भरून आले, पापण्यांवर पीठ बसलं. वहिनी हळूच म्हणाली, "मोडेल पण वाकायची नाही ही." त्यात थोडं कौतुकही होतं.

सुरीने कापलेल्या पट्ट्या एकसारख्या नव्हत्या. वर टोमॅटो, लसूण आणि लोणी. दादाने कुणी आग्रह न करता दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि नजर ताटात ठेवून म्हणाला, "वेडावाकडा आहे." मग थोड्या वेळाने, "चांगला आहे. राहा इथे."

तिने सुस्कारा सोडला. तेवढ्यात आईने चष्मेवाल्याकडे बघत विचारलं, "आणि हे नक्की कोण?"

"मला आवडतात ते," ती म्हणाली.

त्याचा काटा हवेतच थांबला. दादाचा चेहरा मात्र खुलला. "बघ! म्हणजे शेवटी कुणीतरी लागलंच ना तुला?"

"लागलं नाही, दादा. हे सगळं त्यांच्याशिवाय झालं, तुझ्या डोळ्यांदेखत झालं. लागत नाहीत... तरी हवेत."

चष्मेवाल्याने काटा खाली ठेवला. त्याचे कान लाल झाले होते. "हे मला आधी सांगायचं नाही का?"

"आत्ता सांगितलं की. तुमचं काय ते बोला."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोरच."

त्याने एकदा दादाकडे बघितलं, एकदा आईकडे. मग खुर्ची मागे सारून उभा राहिला.

"त्या चौथ्या दिवशी मी दुकानात सकाळपासून तुमची वाट बघत होतो," तो म्हणाला. "तुम्ही आला नसतात ना, मोजणीबाई, तर मीच येऊन दार वाजवणार होतो."