राणीची मान

चुलीवर वर्ख चिकटवायचा सरस पातळ होत होता, तेवढ्यात नवऱ्याने बाहुली माझ्यापुढे टाकली.

"हिच्या गालाचा रंग उडालाय. दुपारच्या खेळाआधी सोनेरी करून दे."

सावल्यांच्या खेळातली, रेड्याच्या कातड्याची राणी वुलानसारी. हे पात्र नवऱ्यानेच रचलेलं. सवत दारात आली की हसून तिला विडा देणारी! आमच्या जावा बेटावर सालस बाईची बाहुली मान झुकवलेलीच कोरतात, राणीचीही तशीच. मान वर असते ती रागीटांची.

दुपारी नवऱ्याचं दुसरं लग्न होतं. खेळात राणीने विडा दिला की मीही उठून, साऱ्या गावासमोर, नव्या नवरीला विडा द्यायचा. झाली माझी संमती! याच्या बाहुल्या रंगवून माझे डोळे अधू झाले, आणि हा मला विडा द्यायला सांगतो.

"मी नाही देणार," मी म्हटलं.

"राणी कधी चिडली का गं?" तो हसला. "शीक जरा तिच्याकडून."

मी गालावर वर्ख चढवला. वाळता वाळता खालून लाल उमटलं. पुसून पुन्हा लावला, पुन्हा लाल. घरात लाल रंग नव्हताच. सरसाला जळक्या केसांचा वास येऊ लागला.

"गप बस," मी तिला दटावलं. "मी बसलेय ना इतकी वर्षं?"

भर दुपारी पडद्यामागे दिवा लागला. सगळ्या पात्रांचे आवाज नवराच काढायचा. राणी पडद्यावर आली. तिच्या वतीने तो लाडात म्हणाला, "ये गं धाकटे..." आणि अडखळला. मग त्याच्या तोंडून बाईचा आवाज आला.

"हसून हसून तोंड दुखलं माझं... हिला मी विडा देऊ? माझ्या चुलीवर हिची भांडी...?"

राणी खदखदून हसली, मग हंबरडा फोडून रडली. पडद्यावर कपाळ आपटत राहिली, पडदा फाटेपर्यंत. आवाज माझा होता. मी तर दातावर दात दाबून बसले होते.

"तुमिनी..." नवरा माझं नाव घेत कण्हला. "माझा हात... सोडव..."

मी शांतपणे नवरीसाठी तबकात ठेवलेला विडा उचलला आणि स्वतःच्या तोंडात टाकला.

लग्न मोडलं. नवऱ्याची मान त्या दिवशी जी झुकली ती कुठल्याच डॉक्टरला वर करता आली नाही. मी त्याला भरवते. माझा राग मात्र गेलेला नाही, सांगून ठेवते.

काल बाहुल्यांची पेटी उघडली. कातड्याची मान वळत नसते, कोरली तशीच राहते. राणी मान वर करून बघत होती. तिच्या ओठांवर विड्याचा लाल रस होता, अजून ओला.