जिन्यातले फ्यूज

विश्वास ठेवा किंवा नका ठेवू, कोणाला पटवायची ताकद माझ्यात उरलेली नाही. पण घडलं ते असंच घडलं. रात्री-बेरात्री नाही. मागच्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी, दुपारी तीन वाजता, बंगळुरूत, यशवंतपूरच्या आमच्या भाड्याच्या घरात.

मी मल्हार. नागपूरचा, इथे आयटीत आहे. आईला अर्धांगवायू झाला म्हणून तिला इकडे आणलं. तिला अधूनमधून ऑक्सिजनचं मशीन लागतं, पण बटणापर्यंत तिचा हात पोचत नाही.

सांभाळायला बाई ठेवली, की दोन दिवस येते आणि तिसऱ्या दिवशी फोन बंद. त्यात ऑफिसचं फर्मान, सोमवारपासून इलेक्ट्रॉनिक सिटीत हजर व्हा.

म्हणून मी जुन्या लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टला रिले बोर्ड जोडला. पोर्टच्या पाच व्होल्टवर रिले ओढला जातो, आणि तो मशीनचे दोनशे तीस व्होल्ट चालू-बंद करतो. ऑफिसात बसून लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात आईच्या बोटावरच्या ऑक्सिमीटरचं रीडिंग बघायचं आणि फोनवरून मशीन लावायचं. बोर्ड उघडा नको म्हणून फराळाच्या स्टीलच्या डब्यात बसवला. डबा आईच्या लोखंडी कॉटवर, उशाशी ठेवला.

फोनवर बटण दाबलं.

टक... मशीन घुमलं. आई हसली.

आणि जिन्यात... खाट्.

सगळं बंद.

आमचा मेन स्विच जुना आहे, लोखंडी, दांड्याचा. तो आपोआप पडत नाही. हाताने ओढावा लागतो.

जिन्यात कोणीच नव्हतं.

दांडा वर केला. पुन्हा बटण दाबलं. पुन्हा... खाट्.

तिसऱ्यांदा गेलो, तर मेनमधले दोन्ही फ्यूज काढून पायरीवर ठेवलेले. शेजारी शेजारी, व्यवस्थित. माझं डोकंच फिरलं. शिव्या घालत लावले.

चौथ्यांदा फ्यूज पायरीवरही नव्हते...

आईचं रीडिंग चौऱ्याऐंशी. तिला छोट्या सिलिंडरवर टाकलं. तो जेमतेम दोन तास पुरतो. मी तडक खाली घरमालकीणबाईंकडे गेलो, भांडायलाच. वसुमती अक्का. पिढ्यान्‌पिढ्या इथलंच मराठी घर. त्यांच्या यजमानांचं मोटर वाइंडिंगचं वर्कशॉप होतं. त्यांना जाऊन चार वर्षं झाली.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. दचकल्या नाहीत, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

"आमचे हे दुसऱ्यानं केलेलं काम बघितल्याशिवाय फ्यूज परत द्यायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "खिशात घालून ठेवायचे. स्वल्प, जरा तुझा डबा उघडून बघ की."

चडफडत वर आलो आणि डबा उघडला.

तांब्याची एक तार, केसाएवढी, स्क्रूतून निसटून डब्याला टेकली होती. अर्थिंग मी जोडलंच नव्हतं. म्हणजे मशीन चालू असताना अख्ख्या डब्यात करंट. कॉटमध्ये करंट. कॉटवर आई. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी आहे माझ्याकडे, आणि मी हे केलं होतं.

प्लास्टिकची पेटी आणली, अर्थिंग जोडलं, तारांची टोकं घट्ट आवळली. जिन्यात गेलो.

फ्यूज जागेवर होते. दांडा वर होता...

मी हात लावला नव्हता.

सोमवारी ऑफिसला गेलो. अकराला बटण दाबलं, मशीन सुरू झालं. अकरा वीसला कॅमेरा गेला. अक्कांना फोन केला, त्यांनी धावत वर जाऊन सिलिंडर लावला. मी पोचलो दीड तासाने. फ्यूज गायब.

वाय-फाय गेलं तरी लॅपटॉप बॅटरीवर चालत राहिला होता. त्यातलं रेकॉर्डिंग बघितलं. आई दाराकडे बघत होती. दारात कोणी नव्हतं. वडीलधाऱ्यांसमोर हलवावी तशी ती हळूहळू मान हलवत होती.

तिला विचारलं. तिचं बोलणं आता अडखळत येतं.

"कोणी तरी आले होते. वायरिंग सरी आहे म्हणाले."

सरी, म्हणजे बरोबर... आईला कन्नडचा एक शब्द येत नाही.

"मग त्यांनी विचारलं, चालू मशीनपाशी माणूस कुठे आहे?" आई पुढे म्हणाली.

तीन इलेक्ट्रिशियन येऊन गेले. कुठेही दोष नाही म्हणतात. मी घरी असलो की फ्यूज जागेवर असतात, काहीच होत नाही. राग येतो मला. कुठून आणू माणूस? नोकरी सोडली तर आईला घेऊन जाऊ कुठे? आणि हे भांडण भांडायचं कोणाशी?

आज पुन्हा सोमवार. ऑफिसची शेवटची मेल आली आहे. नव्या बाईंचा फोन सकाळपासून बंद. मी बूट घातले...

आत मशीन थांबलं.

बूट काढले, तसं पुन्हा घुमायला लागलं. तासाभरात तीनदा झालंय हे. आता बूट हातात घेऊन उंबऱ्यात बसलोय आणि तुम्हाला लिहितोय. ऑफिसला काय कळवू, ते मला समजत नाहीये.