मंगळवार आणि शुक्रवारचे रांजण

"साहेब, जल्दी चला! बाईनं सडव्यात विष कालवलं!"

तीर्थपुरीचा दारूचा गुत्तेदार पुंजाराम आबकारी चौकीच्या दारात धापा टाकत होता. चौकीतला नवा तपासनीस मच्छिंद्र हैदराबादेत रसायनशास्त्र शिकून आला होता. त्याने टोपी उचलली आणि निघाला.

भट्टीच्या छपराखाली चार रांजण होते. त्यांत मोहाची फुलं आणि गूळ यांचा सडवा आंबत होता. भरल्याचा वार प्रत्येकावर खडूने लिहिला होता. रविवार, मंगळवार, बुधवार, शुक्रवार.

रविवारच्या आणि बुधवारच्या सडव्यावर तपकिरी फेस होता, बुडबुडे फुटत होते. मंगळवारच्या आणि शुक्रवारच्या रांजणांवर पांढरट, सुरकुतलेली साय धरली होती. वास थेट नाकात घुसत होता.

कोपऱ्यात झुंबरबाई उभी होती. पन्नाशीची विधवा. रांजण भरणं, ढवळणं तिचंच काम.

"आत टाका हिला," पुंजाराम म्हणाला. "मी शिवी दिल्ती, त्याचा सूड काढला हिनं."

सायीवर चिलटं बसली होती. बराच वेळ मच्छिंद्र त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने बोट बुडवून जिभेला लावलं.

"अहो साहेब!"

"चिलटं जिवंत आहेत, शेठ. विष नाही. सडवा आंबट झालाय." तो झुंबरबाईकडे वळला. "मावशी, पाणी कुठलं?"

"चारींचं एकाच विहिरीचं."

"ढवळायची काठी?"

"एकच. बारा वर्सं करून राह्यले. कधी बिघडलं न्हाई. औंदाच."

"मंगळवारी-शुक्रवारी वेगळं काय होतं?"

तिने भिंतीतल्या देवळीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "देवीचे वार हायेत, साहेब."

देवळीत दिवा, कुंकू आणि मातीचा प्याला. प्याल्याच्या तळाशी वाळलेला थर, त्यात दोन मेलेली चिलटं. मच्छिंद्रने हात पुढे केला.

"शिवू नका!" पुंजाराम आडवा आला. "आता माझ्याबिगर कुणी हात लावत न्हाई. धुवायचा बी नसतो."

"नैवेद्य कधी दाखवता?"

"देवीच्या वारी सकाळी प्याल्यात तयार सडवा भरतो. दिवसभर राहतो. संध्याकाळी बायको, नंदाबाई, लिंबाखाली वतायची." त्याचा आवाज उतरला. "औंदा गेली ती."

मच्छिंद्रने पुढे विचारलं नाही. प्याल्यात थोडं पाणी घालून त्यातले चार थेंब पुंजारामच्याच हाताने एका बाटलीत घ्यायला लावले, दुसरीत बुधवारच्या रांजणाचा फेस घेतला आणि चौकीवर परतला.

पाचव्या दिवशी तो दोन बाटल्या घेऊन भट्टीवर आला.

"दोन्हींत मोहाचं उकळून गार केलेलं पाणी होतं. दोन्हींत बुधवारच्या चांगल्या रांजणाचा फेस टाकला. या दुसरीत शिवाय प्याल्यातले थेंब घातले."

पहिलीत फेस होता. दुसरीवर तीच पांढरट साय.

"मातीचं भांडं आंबटपणाचं बी धरून ठेवतं, शेठ. चिलटं ते आणतात, न धुतल्यानं ते वाढतं. नंदाबाई प्याला बाहेर ओतत होत्या, म्हणून रांजण वाचत होते. आता तो कुठे रिकामा होतो?"

पुंजाराम देवळीच्या आड उभा राहिला.

"त्या दिवशी भरलेल्या रांजणात. बरोबर, शेठ?"

"ती घालायची. मला परसाद मातीत घालवेना," तो पुटपुटला. मग एकदम उसळला. "म्हंजी माझ्या देवीनं नासवलं?"

"देवीनं नाही. तुम्ही. त्या प्याल्याला हात लावणारा माणूस एकच आहे."

झुंबरबाई पुढे आली. आरोपातून ती सुटली होती, पण चेहरा पांढराफटक पडला होता.

"साहेब, देवळीचं काई नका लिहू. माझंच नाव लिहा."

"तुम्ही काही केलं नाही, मावशी."

"त्ये मला ठाव हाये. पर देवीला बोल लागला तर गावात मला पाणी कोण देईल?"

मच्छिंद्रने अहवालात एवढंच लिहिलं: विष आढळले नाही. स्वच्छतेअभावी बिघाड. झुंबरबाईला तुरुंग झाला नाही. संध्याकाळी पुंजारामने तिला कामावरून काढलं. गाठोडं घेऊन ती आष्टीच्या वाटेला लागली.

महिन्याने चौकीवर नवा अर्ज आला. खाली पुंजारामचा अंगठा होता. मंगळवारचा रांजण नासला, कामावर ठेवलेल्या नव्या उषाबाईने त्यात विष कालवले, सबब चौकशी व्हावी.

मच्छिंद्रने टोपी उचलली. तो भट्टीवर पोचला तेव्हा देवळीत प्याला भरलेला होता. कडेला चिलटं बसली होती.