उल्केतला हेलियम कुणी पळवला?

सकाळी साडेआठला आत्याने प्रयोगशाळेचे कुलूप काढले, पांढरा कोट चढवला आणि उल्केचे तुकडे वाळवण्याच्या भट्टीचे तापमान वहीत लिहिले: शंभर अंश. सुट्टीत तिच्याकडे आलेली भाचरे, बारा वर्षांची भिंगरी आणि तिचा धाकटा भाऊ ढोल्या, आठवडाभर हेच पाहत होती.

आज मात्र आत्या गुणगुणत होती. तिचा शोधनिबंध बारा वाजता रवाना होणार होता. त्यामागे तीन वर्षांचे काम होते! अवकाशात दगडावर विश्वकिरणांचा मारा होतो आणि त्याच्या पोटात हेलियम आणि निऑन हे वायू साठत जातात, हे तिने मुलांना समजावले होते. दगड तापला की हेलियम निसटतो, निऑन मात्र बराचसा टिकतो. तिच्या उल्केत निऑन भरपूर होता, हेलियम नावापुरता. म्हणजे हा दगड कधीतरी सूर्याच्या अगदी जवळून गेला असणार!

अकराच्या सुमारास ढोल्याला बेसिनपाशी एक झाकण सापडले. यंत्रांची देखभाल करणाऱ्या काकांच्या डब्याचे ते झाकण एका बाजूने वितळले होते. आतून छापले होते, ‘१४० अंशांपर्यंत सुरक्षित’. काका डबा त्याच भट्टीत गरम करतात, हे दोघांना ठाऊक होते.

“वहीत तर रोज शंभरच असतात,” ढोल्या म्हणाला. “मग हे काय लाजून वितळलं?”

सरळ विचारले तर काका उडवून लावतील, हे भिंगरीने ओळखले. तिने भूक लागल्याचे सांगून आपला डबा पुढे केला. काकांनी मायेने तो भट्टीत ठेवला आणि सवयीने बटण पार टोकाला फिरवले.

“काका, शंभरावर नाही का होत?”

“शंभरावर ताटकळत कोण बसणार? तीनशेवर न्यायचं, दहा मिनिटांत काम फत्ते.”

“आणि खाली आणायचं राहिलं तर?”

“राहतं की. मागच्या जोडसुट्टीत चार दिवस तशीच होती. मी लवकर येऊन खाली आणली, कुणाला पत्ताही नाही.” काका हसले आणि मधेच थांबले. तेव्हा भट्टीत काय होते, ते त्यांना आठवले. बटण पुन्हा शंभरावर आणत ते म्हणाले, “तुम्ही नका सांगू, पोरांनो. मीच सांगतो.”

आत्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले. किती अंश आणि किती दिवस, एवढेच विचारले आणि उत्तरे वहीत लिहिली. पावणेबारा झाले होते.

“रागावलीस?” भिंगरीने हळूच विचारले.

“रागावलेय. पण तुमच्यावर नाही. मी फक्त सकाळचा आकडा बघत राहिले; तुम्ही दिवसभर डोळे उघडे ठेवलेत. नाहीतर काकांच्या डब्याचं श्रेय मी सूर्याला देऊन बसले असते!”

काकांनाही हसू आवरेना.

बारा वाजले. शोधनिबंध गेला नाही. उल्केचा भट्टीत कधीच न गेलेला भाग कपाटात होता. आत्याने हातमोजे चढवून त्याचा दाण्याएवढा तुकडा काढला, वजन केले आणि वाटीत घालून काकांपुढे धरला. काकांनी वाटी दोन्ही हातांनी घेतली आणि तुकडा वायू मोजायच्या यंत्रात ठेवला.