टॅव्हियन रकरचा डावा पाय

"डावा पाय निर्दोष. धोका नाही." कर्ट हॅल्व्हरसनने फायलीचं दुसरं पान मोठ्याने वाचलं, तशी टेबलाभोवतीची माणसं सैलावली.

संघाची डॉक्टर नदीन ऑस्ट्रो मात्र ताठ बसली. ते वाक्य तिचं नव्हतं.

त्याच संध्याकाळी बास्केटबॉलच्या नव्या खेळाडूंची निवड होती. देशभरचे संघ पाळीपाळीने पोरं उचलणार होते. डेटनच्या संघाची पाळी नववी होती, आणि व्यवस्थापक कर्टच्या मनात एकच नाव होतं, एकोणीस वर्षांचा टॅव्हियन रकर. नऊ जूनला नदीननेच त्याला तपासलं होतं. डाव्या पावलाच्या हाडात केसाएवढी चीर होती. 'मोठा धोका,' असं तिने लिहिलं होतं.

की लिहायचं राहून गेलं? चार वर्षांपूर्वी जेरेल स्ट्यूक्सच्या गुडघ्याला तिने होकार दिला होता. अकराव्या सामन्यात तो गुडघा गेला. जेरेल आता टायरच्या दुकानात काम करतो.

तिने फाईल ओढून घेतली. तीन पानं. दुसऱ्यावर नाव, तारीख ९/६, उंची, वजन, मग निर्दोष पायाचं वर्णन. कागद तोच, छापील अक्षरं तीच. सही फक्त तिसऱ्या पानावर, आणि ती तिचीच.

"हे पान बदललंय," ती म्हणाली.

"नदीन, थकली असशील. तूच लिहिलं असशील," कर्ट म्हणाला.

नदीन ऑफिसातल्या नोंदी सांभाळणाऱ्या फिलिसबाईंकडे गेली.

"फाईल कोणाकोणाकडे होती?"

"शनिवारी कर्टने घरी नेली. रविवारी रिमासने मागितली. मी उघडलीसुद्धा नाही, डॉक्टर."

"कोरे फॉर्म?"

"कपाटात. कपाटाला कुलूप कधी होतं?"

कर्टने घरी नेल्याचं लगेच कबूल केलं. "मला हा पोरगा हवाय, हे सगळ्या ऑफिसला माहितीये. पण पाय मोडला तर नोकरी माझी जाईल. मी कशाला स्वतःला फसवू?"

रिमास काल्वाइटिस हा संघासाठी गावोगाव पोरं हेरणारा. लिथुआनियात वाढलेला, इथे येऊन सहा वर्षं झालेला.

"फाईल का मागितलीस?"

"वाचायला."

"काय वाचलंस?"

"पाय चांगला आहे, एवढंच."

नदीन परत आली, तिन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली आणि बराच वेळ बघत राहिली. मग तिने तिघांनाही खोलीत बोलावलं.

"पहिल्या आणि तिसऱ्या पानावर तारीख ६/९ आहे. इथे अमेरिकेत आपण महिना आधी लिहितो. दुसऱ्या पानावर आहे ९/६. कर्ट आणि फिलिसबाई दोघंही इथेच वाढले. त्यांच्या हातून ही तारीख अशी उतरणार नाही. दिवस आधी लिहायची सवय एकाचीच आहे."

रिमासने खाली पाहिलं नाही. "हो. मीच बदललं."

"पोराचा पाय मोडला असता."

"कदाचित. जेरेलनंतर तू अठ्ठावीस पोरं तपासलीस. होकार किती जणांना दिलास?"

"चौघांना."

"उरलेल्या चोवीसांपैकी पुढे दुसरीकडे खेळताना मोडले किती?"

तिला आकडा पाठ होता. "तीन."

"माझ्या गुडघ्याबद्दलही एकाने असंच लिहिलं होतं. मोठ्या संघाने घेतलं नाही. त्याच गुडघ्यावर मी चौदा वर्षं खेळलो, पण खेड्यापाड्यातल्या संघांकडून." तो उठला. "मी खोटं लिहिलं. तू भीतीने लिहितेस. आणि त्या चिरेबद्दल त्या पोराला कोणी काही सांगितलंय का?"

कर्टने त्याला निघायला सांगितलं. मग नदीनकडे वळला. "खरं सांग. धोका मोठाच आहे?"

"चीर खरी आहे," ती म्हणाली. "मोठा की मध्यम, ते मला आता सांगता येत नाही."

कर्टने यादीतलं दुसरं नाव पुढे घेतलं.

नदीन मैदानाकडच्या जिन्यात जाऊन बसली आणि तिने टॅव्हियनला फोन लावला. मागे हसण्याचे आवाज येत होते. सगळं घर जमलं असावं. तिने चीर सांगितली, चार महिने विश्रांती घे म्हणाली, न घेतल्यास काय होईल तेही सांगितलं. पलीकडे पोरगा दुसऱ्या खोलीत गेला असावा. आवाज थांबले.

"तपासून तर पंधरा दिवस झाले, डॉक्टर," तो हळू म्हणाला. "मी रोज पळतोय."

"माहितीये."

"मग त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

अहवाल संघाचा होता, खेळाडूला सांगायचा नव्हता, हे उत्तर तिच्या तोंडाशी आलं. "सांगायला हवं होतं," ती म्हणाली.